शीव ओलांडलेला बिघाड

"वॉरंटी संपून महिनाच झालाय. बिघाड तर वॉरंटीत असल्यापासूनचा आहे. मग पैसे मी का भरायचे?"

गाडी असलेल्या घरात हा प्रश्न कधी ना कधी निघतोच. आमच्या शीवच्या सोसायटीतल्या पार्किंगमध्ये तो मी अनेकदा ऐकला आहे आणि २०२३च्या जूनमध्ये सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर स्वतः विचारलाही आहे. उत्तर ठरलेलं असतं: "मॅडम, वॉरंटी संपलीय, सिस्टीम क्लेम घेत नाही." बहुतेक जण इथेच पाकीट काढतात. पण सिस्टीम फक्त आजची तारीख बघते. बिघाड कधी सुरू झाला, हे तिला कोणीतरी सांगावं लागतं. ते कसं सांगायचं, याचं हे प्रकरण.

१. हद्द कशाची असते?

मी राहते त्या शीवचं नावच हद्दीवरून पडलं आहे. शीव म्हणजे वेस, सीमा. मुंबई बेट इथे संपायचं आणि पलीकडे पोर्तुगिजांची साष्टी सुरू व्हायची. टेकडीवरचा किल्ला इंग्रजांनी सतराव्या शतकात बांधला, तो या सीमेवर नजर ठेवायला. शिवेवर उभा असलेला पहारेकरी येणाऱ्याला पहिला प्रश्न विचारणार तो "कुठून आलास?" हाच. वॉरंटीच्या शिवेवर नेमका हाच प्रश्न विचारायचा राहून जातो.

आधी वॉरंटी म्हणजे काय ते पाहू. बोलताना आपण 'गॅरंटी' म्हणतो, पण कंपनीने लिहून दिलेलं वचन मोजकं असतं. ठरावीक काळात किंवा ठरावीक किलोमीटरमध्ये, यातलं जे आधी संपेल तोवर, मालात किंवा जोडणीत दोष असलेला भाग कंपनी फुकट दुरुस्त करील किंवा बदलून देईल. 'जे आधी संपेल' हे शब्द नीट वाचावेत. मारुती सुझुकीने जुलै २०२४मध्ये आपली नेहमीची वॉरंटी २ वर्षे किंवा ४०,००० किलोमीटरवरून ३ वर्षे किंवा १ लाख किलोमीटरवर नेली. रोज १५० किलोमीटर धावणारी गाडी १ लाखाचा टप्पा ६६७ दिवसांत गाठते. म्हणजे कागदावर ३ वर्षं असली तरी तिची वॉरंटी २ वर्षांच्या आत संपते.

ब्रेक पॅड, क्लच प्लेट, वायपर, फिल्टर अशा झिजणाऱ्या वस्तू वचनाच्या बाहेर असतात. अपघात, पुराचं पाणी, भेसळीचं इंधन यांनी झालेलं नुकसानही बाहेर. आणखी एक गैरसमज काढून टाकू. एक भाग बिघडला म्हणून कंपनीने अख्खी गाडी बदलून द्यावी, असं हे वचन सांगत नाही. मारुती उद्योगच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००६मध्ये हे स्पष्ट केलं: वॉरंटीत सदोष भागाची दुरुस्ती किंवा बदली लिहिली असेल तर हक्क तेवढाच. मागणी नेमकी असली की ती टिकते, म्हणून हे ठाऊक असलेलं बरं.

२. एसीचा गॅस जातो कुठे?

आता माझ्या गाडीचं सांगते, कारण परत परत येणारा बिघाड कसा ओळखायचा ते त्यातून चांगलं कळतं.

गाडी १० मे २०२१ला ताब्यात आली. वॉरंटी २ वर्षांची. सप्टेंबर २०२२मध्ये एसी थंड करेनासा झाला. सर्व्हिस सेंटरने गॅस भरला आणि एसी गारेगार झाला. मार्च २०२३मध्ये पुन्हा तेच, पुन्हा गॅस. ९ मेला वॉरंटी संपली आणि १२ जूनला, म्हणजे चौतीस दिवसांनी, तिसऱ्यांदा गरम हवा. या वेळी सल्लागाराने सांगितलं की इव्हॅपोरेटर गेलाय, डॅशबोर्ड उतरवावा लागेल, आणि १६,६०० रुपयांचं इस्टिमेट हातात ठेवलं.

इथे एक साधी गोष्ट समजून घ्यायला हवी. एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांमधून सतत फिरत असतो. डॅशबोर्डच्या आत इव्हॅपोरेटर नावाची बारीक पापुद्र्यांची ॲल्युमिनियमची जाळी असते. तिथे तो केबिनमधली उष्णता शोषून घेतो आणि पुढे रेडिएटरजवळच्या कंडेन्सरमध्ये ती बाहेर सोडतो. पुन्हा आत, पुन्हा बाहेर. रबरी नळ्यांच्या जोडांतून वर्षानुवर्षांत तो थोडासा झिरपतो, हे खरं. पण सहा महिन्यांत रिकामा झाला तर कुठेतरी छिद्र आहे, दुसरा अर्थ नाही. ते छिद्र न शोधता गॅस भरणं म्हणजे गच्चीला भेग असताना पावसाळ्यानंतर छताचा डाग रंगवून घेणं. रंगारी कामाचं बिल लावतो, भिंत दिवाळीपर्यंत चांगली दिसते आणि पुढच्या जूनमध्ये डाग त्याच जागी येतो.

वॉरंटीच्या सगळ्या वादाचं मूळ या फरकात आहे. गॅस कमी होणं हे लक्षण, छिद्र हे कारण. दोन्ही वेळा वॉरंटीत लक्षणावर इलाज झाला, कारण तसंच राहिलं. तिसऱ्या वेळी आलेला बिघाड म्हणजे पहिलाच, अजून न सुटलेला.

पण हे मला वाटून उपयोग नव्हता, दिसायला हवं होतं. कुर्ल्याला सीएसटी रोडवर एसीचं काम करणाऱ्या एका कारागिराकडे गाडी नेली. त्याने बॉनेट उघडलं, जोड तपासले आणि गॅसबरोबर थोडा रंग आत सोडला. एसी चालू ठेवून मला चहा पाजला. अर्ध्या तासाने तो गाडीखाली शिरला. एसी चालू असताना खाली पाणी टपकतं ती नळी आपण सगळ्यांनी पाहिलेली असते. तिच्या तोंडाशी त्याने जांभळ्या उजेडाची बॅटरी धरली आणि मला वाकून बघायला सांगितलं. टपकणाऱ्या थेंबाला हिरवट पिवळी झाक होती, काजव्यासारखी. "ताई, गाडी गॅस खात नाही. कॉइलमधून बाहेर जातोय," तो म्हणाला. इव्हॅपोरेटर डोळ्यांनी दिसत नाही, पण त्यावर जमणारं पाणी या नळीने बाहेर येतं. रंग त्या पाण्यात उतरला होता, म्हणजे गळती त्या जाळीतच होती.

३. जॉब कार्डवरची एक ओळ

घरी येऊन मी जुनी दोन जॉब कार्डं काढली. गाडी आत घेताना सल्लागार आपली तक्रार ज्या कागदावर लिहितो ते जॉब कार्ड. आपण त्यावर सही करतो आणि तो कागद डॅशबोर्डच्या खणात कोंबतो. माझ्या पहिल्या कार्डावर तक्रारीच्या रकान्यात लिहिलं होतं: "एसी कूलिंग कमी." केलेल्या कामाच्या रकान्यात: "गॅस टॉप-अप, ओके." दुसऱ्यावर अक्षरशः तेच. गळती तपासल्याचा एक शब्द दोन्हींवर नव्हता.

आधी मला वाटलं की हे कागद माझ्या विरुद्ध जातात, कारण इव्हॅपोरेटरचं नावच नाही. नीट पाहिल्यावर कळलं की माझा सगळा आधार यांतच आहे. ग्राहकाने लक्षण सांगायचं असतं, कारण शोधायचं काम वर्कशॉपचं. लक्षण मी वॉरंटीत दोनदा सांगितलं होतं, तारीख आणि किलोमीटरसकट. कारण शोधलं गेलं नाही, हेही त्याच कागदावर त्यांच्याच हाताने लिहिलेलं होतं.

म्हणून तुमचं लक्षण तुमच्याच शब्दांत लिहून घ्या. सल्लागार "जनरल चेकअप" लिहू लागला तर थांबवा. "सकाळी पहिल्यांदा गाडी सुरू केल्यावर स्टेअरिंग डावीकडे वळवताना कट्ट आवाज" असं पूर्ण वाक्य हवं. बिघाड दुसऱ्यांदा आला असेल तर "पूर्वीच्या अमुक जॉब कार्डची तीच तक्रार पुन्हा" हे शब्द आग्रहाने घालायला लावा. गाडी परत घेताना काय तपासलं, काय सापडलं, ते लिहिल्याशिवाय सही करू नका. आवाज त्या दिवशी आलाच नाही तर "तक्रार आढळली नाही" असं लिहिलेलं कार्डही ठेवा, कारण तक्रार केल्याची तारीख त्यावर असते. आवाजाचा, मीटरवरच्या दिव्याचा मोबाइलवर व्हिडिओ घ्या, त्यात किलोमीटरचा आकडा दिसू द्या.

आता माझ्या तारखा ओळीने मांडते. पहिली तक्रार १७ सप्टेंबर २०२२, १४,२०० किलोमीटर. दुसरी ४ मार्च २०२३, १९,८५० किलोमीटर. तिसरी १२ जून २०२३, २२,६०० किलोमीटर. पहिल्या आणि दुसऱ्या तक्रारीत १६८ दिवस, दुसऱ्या आणि तिसऱ्या तक्रारीत १००. छिद्र मोठं होत चाललं होतं. ही तीन ओळींची यादी मी पुढे प्रत्येक पत्रात सगळ्यात वर टाकली. वाचणाऱ्याला वेळ नसतो, पण १६८ आणि १०० हे आकडे तो वाचतोच.

४. 'गुडविल' मागायचं ते कसं

वाहन उद्योगात एक शब्द सर्रास चालतो, आपल्यापर्यंत मात्र तो क्वचितच पोहोचतो: गुडविल. वॉरंटी संपल्यावरही बिघाड जुना आहे किंवा भाग फार लवकर गेला आहे असं दिसलं, तर कंपनी खर्चाचा काही वाटा उचलते. काउंटरवरच्या सल्लागाराला हा अधिकार नसतो. डीलरचा सर्व्हिस मॅनेजर प्रस्ताव पाठवतो आणि कंपनीचा त्या विभागाचा अधिकारी तो मंजूर करतो. म्हणून काउंटरवर वाद घालून आवाज चढवण्यात अर्थ नाही. "गुडविलची विनंती कंपनीकडे पाठवा आणि तिचा नंबर द्या," एवढंच शांतपणे म्हणायचं. सगळ्या सर्व्हिसिंग वेळेवर आणि अधिकृत ठिकाणी झाल्या असतील तर ते आवर्जून सांगायचं.

मागायचं किती? इस्टिमेट नेहमी तीन तुकड्यांत पाहावं. माझ्या १६,६०० मध्ये भागाचे ९,६००, मजुरीचे ५,२०० आणि गॅसचे १,८०० होते, कर धरून. मी पत्रात पूर्ण रक्कम मागितली, कारण दोष वॉरंटीतला होता. उत्तर दहा दिवसांनी आलं: भाग पूर्ण कंपनीचा, मजुरी निम्मी. माझ्याकडे राहिले २,६०० आणि १,८००, मिळून ४,४००. कंपनीने १२,२०० उचलले, जवळपास तीन चतुर्थांश. मी ते स्वीकारलं. पूर्ण रकमेसाठी पुढे जाता आलं असतं, पण जूनचा उकाडा आणि घरातली म्हातारी माणसं यांचाही हिशेब मला करायचा होता. तुमचा हिशेब वेगळा असू शकतो, म्हणून पुढची वाटही सांगते.

त्याआधी एक भीती. "बाहेरच्या गॅरेजात दाखवलं तर वॉरंटी जाते ना?" भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, कारण सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती त्या बाहेरच्या गॅरेजवाल्यांना मिळू देत नव्हत्या. त्याच आदेशात आयोगाने म्हटलं की ग्राहक बाहेरच्या गॅरेजात गेला म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही. बाहेरच्या चुकीच्या कामामुळे जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. प्रकरण पुढे अपिलात गेलं, पण हा विचार ध्यानात ठेवण्याजोगा आहे. तरी माझा सल्ला असा की बाहेर तपासणी करावी, भाग उघडू देऊ नये. हिरवा थेंब पाहून मी सर्व्हिस सेंटरला परत गेले आणि तीच चाचणी माझ्यासमोर करायला लावली. निष्कर्ष त्यांच्या जॉब कार्डवर आला, म्हणून त्याला वजन आलं.

५. परळचं पुरवठा भवन

कंपनीने नाहीच ऐकलं तर पहिली पायरी म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, क्रमांक १९१५. ती आदेश देऊ शकत नाही, पण तक्रार कंपनीच्या वरच्या माणसापर्यंत पोहोचवते. १९७५पासून काम करणारी मुंबई ग्राहक पंचायतही आपल्याला जवळची आहे.

त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. शीवहून तो लांब नाही. परळला जनरल नागेश मार्गावर, महात्मा गांधी रुग्णालयाजवळच्या पुरवठा भवनात त्याची कार्यालयं आहेत. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ने दोन सोयी केल्या. तक्रार तुम्ही राहता किंवा नोकरी करता तिथे दाखल करता येते, कंपनीचं मुख्यालय गुरगावला असो की चेन्नईला. आणि ती ऑनलाइन देता येते, २०२५पासून ई-जागृती या संकेतस्थळावर. मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. ५ लाखांपर्यंत शुल्क नाही, ५ ते १० लाखांना २०० रुपये. साडेसात लाखांच्या गाडीसाठी २०० रुपये भरून तुम्ही दारात उभे राहू शकता, वकील लावायलाच हवा असं नाही. टॅक्सी स्वतः चालवून पोट भरणाराही ग्राहकच, त्याची गाडी 'व्यापारी' म्हणून बाजूला काढता येत नाही.

कायद्यातले दोन शब्द इथे उपयोगी पडतात. वस्तूत असतो तो 'दोष', सेवेत असते ती 'त्रुटी'. नुसता दोष सिद्ध करायला अडचण येते, कारण कंपनी म्हणणार की वॉरंटी संपल्यावर आमची जबाबदारी नाही. पण वॉरंटीत तक्रार आली असताना कारण न शोधणं ही सेवेतली त्रुटी, आणि ती घडली तेव्हा वॉरंटी चालू होती. दोन्ही मुद्दे एकत्र मांडावेत, आणि डीलर व कंपनी दोघांनाही पक्षकार करावं, नाहीतर ते एकमेकांकडे बोट दाखवतात.

आयोगात लोक हरतात ते बहुधा पुराव्यावर. "गाडी खराबच आहे" हे ग्राहकाचं म्हणणं पुरावा होत नाही. कायद्याप्रमाणे आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे तपासायला पाठवू शकतो. फियाट इंडियाविरुद्धच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सगळा निर्णयच स्वतंत्र तांत्रिक तज्ज्ञाच्या मतावर सोडला होता: त्याला मूळचा दोष सापडला तर ग्राहकाला गाडीची किंमत परत मिळणार होती. म्हणून तज्ज्ञाची मागणी पहिल्या अर्जातच करावी, आणि निकालापर्यंत जुना भाग भंगारात जाऊ देऊ नये.

मुदत २ वर्षांची. सगळ्यात सुरक्षित मोजणी पहिल्या नकारापासून. मला १२ जून २०२३ला नकार मिळाला असता तर ११ जून २०२५च्या आत दाखल करावं लागलं असतं. "ईमेल चालू आहेत, बघू" म्हणत बसल्याने घड्याळ थांबत नाही. पत्रव्यवहाराने मुदत वाढत नाही.

६. एकट्याचा बिघाड की सगळ्यांचा?

कधीकधी दोष एका गाडीचा नसून अख्ख्या मॉडेलचा असतो. ऑस्ट्रेलियात फोर्डच्या पॉवरशिफ्ट गिअरबॉक्सबद्दल शेकडो ग्राहक हादरे आणि दणक्यांची तक्रार करत होते. त्यांना तुम्ही गाडी नीट चालवत नाही असं सांगितलं जायचं. २०१८मध्ये तिथल्या न्यायालयाने फोर्डला १ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर दंड केला, कारण तक्रारींची वासलात ज्या रीतीने लावली ती अन्यायाची होती. अमेरिकेत त्याच गिअरबॉक्सच्या क्लचची वॉरंटी कंपनीने ७ वर्षांपर्यंत वाढवून दिली.

आपल्याकडे मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीने परत मागवण्याची, म्हणजे रिकॉलची तरतूद आली आणि १ एप्रिल २०२१पासून तिचे नियम लागू झाले. सुरक्षेला धोका असणाऱ्या दोषाबद्दल, ७ वर्षांच्या आतल्या गाड्यांच्या ठरावीक संख्येने तक्रारी नोंदल्या गेल्या तर सरकार कंपनीला गाड्या परत मागवायला लावू शकतं. त्यासाठी तक्रारी नोंदल्या जाणं भाग आहे. रिकॉलची दुरुस्ती फुकट असते, वॉरंटी संपलेली असली तरी. स्वतःचे पैसे भरण्याआधी चॅसी नंबर घालून कंपनीच्या संकेतस्थळावर दोन मिनिटं तपासा.

७. जिथे कंपनीचा नकार खरा असतो

गांधी मार्केट, किंग्ज सर्कल, हिंदमाता: मुंबईत पावसाळ्यात पाणी तुंबतं त्या जागा. जुलैच्या एखाद्या दुपारी इथल्या पाण्यातून गाडी काढलेली असेल आणि त्यानंतर बेअरिंग घुरघुरू लागलं, वायरिंगमध्ये दोष आला, इंजिनात पाणी शिरून ते अडकलं, तर तो उत्पादनाचा दोष नव्हे. तो विम्याचा विषय. तिथेही पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा पुन्हा सुरू करायचा प्रयत्न केला तर इंजिनाचं नुकसान नाकारलं जातं. उलट साध्या यांत्रिक बिघाडाला विमा पैसे देत नाही. तक्रारीत पाण्याची गोष्ट लपवू नका. कार्पेटखालचा गाळ मेकॅनिकला दिसतो, आणि मग तुमच्या खऱ्या मुद्द्यांवरचाही विश्वास जातो.

माझ्या गाडीचा डॅशबोर्ड उतरवला त्या दिवशी मी हट्टाने वर्कशॉपच्या आत थांबले. स्टेअरिंगसमोर तारांचा नुसता गुंता लोंबत होता. तरुण मेकॅनिकने जाळी बाहेर काढून पुठ्ठ्यावर ठेवली. पापुद्र्यांत काळी माती, वाळलेल्या पानांचे तुकडे आणि खालच्या डाव्या कोपऱ्यात मसुरीएवढा तेलकट हिरवा डाग. त्याने बोटाने डागाभोवती गोल काढला आणि म्हणाला, "मॅडम, हा खूप दिवसांचा आहे." मी फोटो काढला. मग सल्लागाराला बोलावून जॉब कार्डवर लिहून घेतलं: "इव्हॅपोरेटर बदलला. कारण: कॉइलमधून गळती. तक्रार प्रथम १७.९.२०२२."